रामरावच्या डोक्यावरचा भारा

आर्णीवरून दिग्रसकडं निघालं की पिंपळशेंड्याचा फाटा लागतो. तिथं उतरून नाला ओलांडला, थोडं चढलं, की तांडा. तांड्याच्या तोंडाशीच टिनाचं लांबलचक शेड आहे आणि त्यात पऱ्हाटीच्या कांड्या करायची मशीन. मशीन सुरू असली की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. रामीबाईचं सोडून.

रामीबाई शेडाच्या दाराशी, वजनकाट्याजवळ बसते. बचत गटानं तिला बसायला लोखंडी खुर्ची दिली होती. ती तिनं मांजरीला देऊन टाकली आणि स्वतः उपड्या टोपल्यावर बसते. अंगानं ठेंगणी, हाडानं जाड, हनुवटीवर गोंदण. सासू बंजाऱ्यांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घालून मेली. रामीबाईनं लुगडं धरलं, पण दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, काही उतरवल्या नाहीत. ट्रॉली आली की ती आधी पऱ्हाटी पाहत नाही. आणणाऱ्याचं तोंड पाहते, मग पऱ्हाटी.

"काहून गा, ओली आणली का?"

"ओली नाही काकी, दव पडलं होतं रातच्याला."

"दव तुह्या डोक्यावर पडलं असन. पान्याचा भाव नाही देत मी. पसरव तिकडं उन्हात, उद्या ये मोजाले."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उरलेलं वाळकं झाड. आमच्या भागात तिच्या दोनच गती होत्या. थोडी चुलीत जायची, बाकीची धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ढीग करून काडी लावायची. माघात दिवस बुडायच्या वेळी टेकडीवर उभं राहिलं तर चहूकडून धूर उठलेला दिसायचा, जसे काही दहा गावचे लोक एकाच दिवशी मेले. आता ती शेडात येते. आधी तिची कुट्टी होते, मग मशीन ती कुट्टी अशी दाबते की पलीकडून मनगटाएवढी जाड, तपकिरी, गरम कांडी बाहेर पडते. तिच्यात ना डिंक, ना शेण. दाबानं आणि गरमीनं पऱ्हाटीचाच चीक सुटतो आणि ती आपली आपल्याला चिकटते. कांड्या दाळमिलच्या बॉयलरात जातात, दगडी कोळशाच्या जागी. आणि कांड्या घेऊन गेलेला ट्रक येताना बॉयलरची राख घेऊन येतो. ज्यांनी पऱ्हाटी दिली त्यांच्या वावरात ती राख पडते.

बाहेरचे साहेब लोक पाहायला येतात. कांडी हातात धरून फोटो काढतात. एखादी मॅडम विचारते, मावशी, तुम्हाला हे करावंसं कसं वाटलं? रामीबाई पदर तोंडाशी धरते आणि म्हणते, "गटाच्या बाया म्हने, म्हनून."

खरं कारण ती सांगत नाही. खरं कारण रामराव आहे.

रामराव हा पिंपळशेंड्याचा कास्तकार. नाल्याकाठी त्याचं मोठं वावर, काळं पण मधे मधे गोटाळ, आणि कडेला संत्र्याची झाडं. माणूस कामाचा, पण संशयानं खाल्लेला. मजुरीला आलेल्या बाया संध्याकाळी घरी निघाल्या की धुऱ्यावर उभा राहायचा आणि एकेकीला ओटी झाडायला लावायचा. कापसाचं बोंड निघो न निघो, झाडायला लावायचाच.

आता इथली रीत सांगतो, कारण सगळं भांडण त्या रीतीतून उठलं. कापूस संपत आला की कास्तकार म्हणतो, उलंगवाडी झाली. मग ते वावर सगळ्यांना मोकळं. गुरं शिरतात, शेळ्या शिरतात, आणि बोंडात अडकून राहिलेला कवडी कापूस जो वेचील त्याचा. त्याला सरवा म्हणतात. सरव्याला कोणी चोरी म्हणत नाही. आणि पऱ्हाटी उपटील त्याची. कास्तकाराचं वावर फुकटात साफ होतं, उपटणाऱ्याच्या घरात वर्षाचं जळतन येतं. दोघांचंही भलं.

ज्या साली रामीबाईच्या पुष्पाचं लग्न ठरलं, त्या साली रामीबाई आणि तिचा नवरा रूपसिंग रामरावकडं गेले. लग्न म्हणजे तांड्यात पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती, मोठमोठे गंज चुलवणावर. जळतन पाहिजे तेवढं कमीच. रामराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जा, उपटा."

तांड्याच्या कानाला याचा अर्थ एकच. उपटा म्हटलं म्हणजे उलंगवाडी झाली. वेचायचा कापूस झाडावर ठेवून कोणता येडा झाड उपटायला सांगेल? पण रामरावच्या मनात होतं की आधी त्याची बायको विजयमाला दोन बाया घेऊन एक शेवटची फेरी मारील, मग उपटणं. ते मनातच राहिलं. त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

नवरा-बायको चिमटे घेऊन भिडले. चिमट्यानं बुडखा धरायचा, गुडघा मागं रेटायचा, हिसका द्यायचा. गोटाळ जागी झाड येत नाही, माणूसच उपटल्यासारखा होतो. तळहाताची सालटी निघाली. उपटता उपटता रामीबाई कवडी कापूस ओटीत टाकत गेली, घरी नेऊन पुष्पाच्या गादीत भरायला. ओटी भरली की फडक्यात बांधून भाऱ्यात खोसायची. अख्खं वावर साफ झालं, धुऱ्यावर घराएवढी गंजी उभी राहिली. आणि ज्या दिवशी न्यायची, त्या दिवशी रामराव आला. मागं विजयमाला, मागं गावचे चार लोक.

"सोडा भारे," रामराव म्हणाला.

सोडले. तिसऱ्या-चौथ्या भाऱ्यातून फडकं निघालं.

"हे काय हाये?"

"सरवा हाये मालक," रामीबाई म्हणाली.

"उलंगवाडी कोनं सांगतली तुले?"

"तुमीच तं म्हनलं, उपटा म्हनून."

"उपटा म्हनलं. लुटा नाही म्हनलं." मग तो त्या चार लोकांकडं वळला. "तांड्यातले लोक वावरात आले का हे असं होते. चोराची जात, चोरी सुटत नाही."

आणि गंजीला काडी लावली.

वाळकी पऱ्हाटी पेटायला वेळ लागत नाही. रूपसिंग हात जोडून उभा होता. रामीबाईनं हात जोडले नाहीत, रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तोंडाला झळ लागेपर्यंत जवळ उभी राहिली आणि जाळाच्या अलीकडून पलीकडं, रामरावच्या तोंडाकडं पाहत राहिली.

पुष्पाचं लग्न झालं. घराघरातून एकेक भारा मागून आणला, त्यावर पंगती उठल्या. भारा देणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय वं, खरंच निंघाला होता का कापूस?" लग्न आटोपल्यावर रामीबाई सेवालाल बापूच्या ओट्यावर गेली, नारळ फोडला आणि रूपसिंगला ऐकू जाईल असं म्हणाली, "रामरावनं आपल्या हातानं पऱ्हाटी उपटावी, आपल्या डोक्यावर भारा घेऊन माह्या दारी आनावा, अन् तो भारा मी त्याले सोडाले लावीन. तेवढं झालं पायजे."

रूपसिंग म्हणाला, "नवस करून राह्यली का शाप देऊन राह्यली?"

"दोनी."

त्यानंतर वर्षानुवर्षं ती यावर बोलली नाही. रूपसिंगला वाटलं विसरली. सरकीच्या ढिगाला आतून धग लागली तर वरून कोणाला समजते?

गटाची अध्यक्ष नंदाबाई हुशार बाई. कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आली आणि तिनं कांडीच्या मशीनची गोष्ट बैठकीत काढली. कर्ज, शेड, वीज, बायांनी नाही नाही ते विचारलं. रामीबाई भिंतीला टेकून झोपल्यासारखी बसली होती. तिनं एकच विचारलं.

"कास्तकाराची पऱ्हाटी आपल्याकडं येईन, नाही का?"

"येईन ना. ट्रॅक्टरवर उपटाचं यंत्र बी घेऊ. वावर फुकटात साफ करून देऊ, पऱ्हाटी आपली. उपटील त्याची, जुनीच रीत."

"सगळ्यायचीच येईन?"

"सगळ्यायची. कोन कायले उपटत बसते हातानं मंग?"

"हातानं उपटनारा मजूरच राहनार नाही म्हंते तू."

"नाही राहनार."

रामीबाई उठून बसली. "लाव माही सही," ती म्हणाली. नंदाबाईला वाटलं, बाईला धंदा समजला.

मशीन आली. पहिल्याच हंगामात आजूबाजूची वावरं झाडल्यासारखी साफ झाली. धूर दिसेना. चिमटे गंजून भिंतीला टांगले गेले. एक दिवस रामरावचा नंदाबाईला फोन आला, यंत्र पाठवा म्हणून. रामीबाईनं यंत्र त्याच्या धुऱ्यावरून परत फिरवलं.

नंदाबाई तणतणत शेडात आली. "एवढं मोठं वावर हाये त्याचं रामीबाई. मशीन दुपारपासून उपाशी हाये."

"राहू दे उपाशी. उपाशी मानूस मरत नाही, मशीन काय मरन."

"गट तुह्या एकटीचा हाये का?"

"नाही. म्हनूनच इचारते." रामीबाई कुट्टीच्या ढिगाजवळ बसलेल्या बायांकडं वळली. "ज्या बाईची ओटी रामरावनं धुऱ्यावर झाडून पाह्यली नसन, तिनं हात वर करा."

कोणीच केला नाही.

"माही तं दोनखेप पाह्यली," एक म्हातारी म्हणाली. "म्या म्हनलं, लेका, पैल्याखेपी काही राह्यलं का पाहाचं?"

बाया हसल्या. पण हात काही वर गेला नाही. नंदाबाईचा स्वतःचाही हात खालीच होता.

त्या साली रामरावनं उभ्या पऱ्हाटीलाच काडी लावली. वारा सुटला आणि आग शेजाऱ्याच्या गव्हात गेली. शेजाऱ्यानं त्याला भर चौकात गचांडी धरून जाब विचारला. पुढच्या साली भीतीनं त्यानं पऱ्हाटी तशीच उभी ठेवली. उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मुक्कामाला राहते हे आता शेंबडं पोरगंही सांगतं. त्या साली साऱ्या शिवाराचा कापूस किडला आणि साऱ्या शिवारानं बोट रामरावकडं दाखवलं. रोटाव्हेटरवाल्याला बोलावलं तर गोट्यांवर त्याची पाती तुटली. तो रामरावचं नाव काढलं की फोनच ठेवतो.

यंदा ग्रामसभेत ठरलं. होळीच्या आत ज्याची पऱ्हाटी निघणार नाही, त्याला बंधाऱ्याच्या पाण्याची पाळी नाही. कोणाचंही नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी मान वळवून एकाच माणसाकडं पाहिलं. पाण्याची पाळी नाही म्हणजे रामरावची संत्री उन्हाळ्यात उभी वाळणार. झाडं त्यानं पोरासारखी वाढवलेली. पोरगा पियुष पुण्याला गेला तो बापाच्या वावराकडं फिरकत नाही. झाडं मात्र जागची हलली नव्हती.

रामीबाईनं ग्रामसभेत एक अक्षर काढलं नाही. घरी येऊन रूपसिंगला म्हणाली, "आता येईन तो."

आणि मग गाडीवाला धावजी पऱ्हाटी घेऊन यायला लागला.

धावजी तांड्यातलाच. बैलगाडी भाड्यानं हाकतो, घरचं वावर रुमालाएवढं. सकाळी गाडी भरून यायचा. रामीबाई विचारायची, कोणाची रे? तो म्हणायचा, माहीच काकी, इकडून तिकडून गोळा केली. रामीबाईला कौतुक वाटलं. चांगली वाळलेली, जाड बुडख्याची पऱ्हाटी. मोजली, कुट्टी झाली, कांड्या झाल्या, ट्रक भरून गेल्याही.

आर्णीच्या बाजाराच्या दिवशी रामीबाई मिरच्या घेत होती. चहाच्या टपरीवरून आवाज आला.

"काय रामी, पचली का?"

रामराव होता. सोबत गावचे दोघे-तिघे.

"काय पचली?"

"माही पऱ्हाटी. लय म्हने तू, रामरावच्या काडीले हात लावत नाही. अर्धं वावर खाल्लं तुह्या मशीननं. ढेकर बी नाही देल्ला."

टपरीवरचे लोक हसले. रामीबाईनं मिरच्या तिथंच ठेवल्या आणि रूपसिंगच्या फटफटीवर मागं बसली. तांड्यात आल्याबरोबर धावजीला बोलावलं.

"बस," ती म्हणाली. धावजी बसला. "कोनाची होती?"

"काकी, उपटील त्याची पऱ्हाटी. तूच म्हनते."

"तू उपटली?"

"नाही."

"मंग कोनं?"

धावजी अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "त्यानंच."

"त्यानं म्हंजे कोनं?"

"रामरावनं. मजूर भेटला नाही त्याले. बुढा स्वता चिमटा घेऊन भिडला. बायको बांधे, हा वाहे. शेजाऱ्यानं वाटेवरच उन्हाळी भुईमूंग पेरून ठेवला, मुद्दाम. गाडी आत जातच नाही. धुऱ्यापासून सडकेपर्यंत तो डोक्यावर आने, मी गाडीत भरो."

रामीबाईचा चेहरा बदलला. "डोक्यावर?"

"हो."

"चुंबळ होती का?"

"दुपट्टा गुंडाळला होता."

"मान हाले का त्याची?"

"मी बैलाकडं पाहत होतो काकी."

"बैलाकडं काहून पाहत होता बे? बैल तुले रोज दिसते."

तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. चिमटा कसा धरला, हिसका बसत होता का, भारा डोक्यावर कोणी चढवला, चालताना धोतर सांभाळता येत होतं का. धावजीनं आठवून आठवून सांगितलं, जे आठवलं नाही ते लावून सांगितलं. पण तिचं समाधान होईना. इतकी वर्षं चूल पेटवून बसावं, आणि जेवण शेजारच्या घरी वाढलं जावं, आपल्याला नुसता वास यावा, तसं तिचं झालं. रामराव वाकला, रामरावनं उपटली, रामरावच्या डोक्यावर भारा चढला. आणि पाहिलं कोणी? धावजीच्या बैलांनी. तेही कुट्टी होऊन गेलं. सोडून पाहायला एक भारा राहिला नव्हता.

"झालाच की मंग नवस," रूपसिंग म्हणाला. "दे सोडून."

"माह्या दारी आनला का त्यानं? माह्या डोयानं पाह्यला का म्या? मंग कसा झाला?"

दुसऱ्या दिवशी ती रामरावच्या घरी गेली. त्या ओसरीवर ती इतक्या वर्षांत चढली नव्हती. रामराव बाजेवर पालथा पडला होता आणि विजयमाला त्याच्या मानेला तेल चोळत होती. तेलाचा वास आणि ती मान पाहून रामीबाईला जरा बरं वाटलं.

रामराव उठून बसला. "ये रामीबाई. चहा घेशीन?"

"चहा नको मालक. अर्धं वावर राह्यलं तुमचं."

"निंघन तेबी. एक धावजी नाही तं दुसरा धावजी."

"नाही येत. तांड्यातली कोनाची गाडी आता तुमच्या सडकेले लागत नाही. इचारून पाहा."

"बाकी गावं मेले का?"

"नाही मेले. त्यायचा माल बी माह्याच काट्यावर येते."

रामरावनं मान चोळली. मग म्हणाला, "तुले काय पायजे? माफी पायजे का? घे बापा, चुकलं म्हनतो."

"माफी कायले? माफीच्या काय कांड्या होते का?" रामीबाई ओसरीच्या खांबाला हात लावून उभी होती, बसली नाही. "तुमच्या वावरातून नाल्यानं पायवाट हाये, थेट तांड्यापर्यंत. तिथून गाडी जात नाही, मानूस जाते. तुमी उपटा, तुमीच आना. डोक्यावर. सगळ्यायले देते तोच भाव देईन, गटाचा नियम हाये. होळी तोंडावर आली."

"अन् नाही आनली तं?"

"तं नका आनू. मी काय काडी लावून राह्यली का?"

विजयमालाचा तेलाचा हात थांबला. रामीबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. ती रामरावकडंच पाहत होती, जशी त्या दिवशी जाळाआडून पाहत होती.

रामराव लगेच आला नाही. रामीबाई काट्यावर बसायची आणि नाल्याकडं तोंड करायची. ट्रॉलीवाले म्हणायचे, काकी, इकडं पाहा, काटा इकडं हाये. एका सकाळी नाल्याच्या उतारावर पऱ्हाटीचा एक भारा दिसला. खाली माणूस होता, पण आधी भाराच दिसला.

"अंजू," रामीबाई म्हणाली, "मशीन बंद कर."

मशीनवरच्या अंजूनं खटका ओढला. शेड एकदम गप्प झालं. बाया बाहेर आल्या, तांड्यातले म्हातारे ओट्यांवरून उठले. रामराव चढ चढत होता. चप्पल नाल्यात भिजून फचफच वाजत होती. भारा एकीकडं कलला की तो दुसरीकडं दोन पावलं जायचा, मग परत वाटेवर यायचा. चढावर थांबला, पण भारा उतरवला नाही. उतरवला तर परत डोक्यावर चढवणार कोण?

काट्याजवळ येऊन त्यानं भारा खाली टाकला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"सोडा," रामीबाई म्हणाली.

"काय?"

"भारा सोडा. आत काय हाये पाहू द्या."

रामरावनं आजूबाजूला पाहिलं. तिथं जी जी बाई उभी होती तिची ओटी त्यानं कधी ना कधी झाडायला लावली होती. तो खाली बसला आणि गाठ सोडायला लागला. गाठ आवळली होती. कोणी मदत केली नाही.

रामीबाई टोपल्यावरून उठली. एकेक काडी उचलायची, उलटी करून पाहायची, बाजूला ठेवायची. घाई नाही. मधेच थांबली. एका बोंडात कवडी कापूस अडकला होता, वाळलेला, पिवळा पडलेला. तिनं तो नखानं काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाये मालक?"

रामरावनं परत दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"इचारून राह्यली मी. हे काय हाये?"

"सरवा," तो म्हणाला.

"मशीन बंद हाये, तरी मले ऐकू नाही आलं."

"सरवा हाये. राहते पऱ्हाटीले."

"राहते ना?" रामीबाई बायांकडं वळली. "आयकलं का वं? मालक म्हंते, राहते." मग तो कापूस तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. "न्या तुमचा तुमच्या घरी. आमच्याकडं चालत नाही. अन् मुळाची माती झटका, मातीनं मशीनचे दात जाते. बिगीनं या, ऊन होते मंग."

तो परत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. प्रत्येक भारा त्याला सोडायला लावला, प्रत्येक भारा काडीकाडीनं पाहिला. पहिल्या दिवशी सगळा तांडा जमला होता, मग बाया आपापल्या कामाला लागल्या, मग म्हाताऱ्यांनीही पाहणं सोडलं. कांड्या सुरू राहिल्या, मशीन आता त्याच्यासाठी कोणी बंद करत नव्हतं. रामीबाईचा मात्र कंटाळा नाही. लोकांना वाटलं होतं, चार भाऱ्यांत हिची भूक जाईल. भूक वाढली. ती दुपारची भाकर काट्यावर खायला लागली, एखादा भारा चुकू नये म्हणून.

नंदाबाई म्हणाली, "बस झालं आता. मानूस मरन."

"वावर झालं का?"

"नाही."

"मंग?"

एका सकाळी नाल्यावर भारा दिसला, पण चाल वेगळी होती. पाय भराभर पडत होते, भारा कलत नव्हता. खाली लुगडं होतं. विजयमाला.

तिनं काट्याजवळ येऊन भारा उतरवला, रीतीनं, गुडघा वाकवून. जन्मभर भारे वाहिलेल्या बाईनं उतरवावा तसा.

"तुमचा नाही चालत बाई," रामीबाई म्हणाली. "त्यायचा पायजे."

"ते पडून हाये. मान धरली. डाक्टर म्हंते, उचलाचं नाही काही."

"बरी होऊ द्या मान. मंग आनतीन."

"होळी झाल्यावर? अन् पान्याची पाळी?" विजयमालानं कमरेचा पदर सोडून घाम पुसला. "मी आनते राह्यलेली. मोज तू. माहं काय वाकडं हाये तुह्याशी?"

"काही नाही. तुमी मधे नाही, म्हनूनच म्हंते, जा घरी. तुमच्यावर राग नाही माहा."

विजयमाला हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"मधे नाही? काड्याची पेटी कोनाच्या कमरेले होती त्या दिवशी? ते सुपारीवाले, बिडी पेत नाही, त्यायनं जलमात पेटी बाळगली का? त्यायनं मागतली बी नाही. मीच देल्ली. अन् रोज संध्याकाळी बायायच्या ओट्या झाडाले लाव म्हनून घरात कोन म्हने? ते नुस्ते बोलनारे." तिचा आवाज चढला नाही, भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "म्हनून म्हंते, त्यायले सोड. मारून टाकशीन त्यायले. काय घ्याचं ते माह्यापासून घे."

मशीन सुरूच होती. कांड्या एकामागं एक बाहेर पडत होत्या. रामीबाई टोपल्यावर बसल्या बसल्या विजयमालाकडं पाहत राहिली. इतकी वर्षं जाळाच्या पलीकडचं एकच तोंड तिला दिसत होतं. त्याच्या बाजूला दुसरं एक तोंड होतं, आणि काडी देणारा एक हात होता, आणि ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अर्धाच राग केला आपण, तिच्या मनात आलं. अर्धा तसाच पडून राहिला, न वापरता.

"बरं केलं सांगतलं," ती म्हणाली. "नाही तं मले कसं समजलं असतं?"

"मंग सोडशीन ना त्यायले?"

"सोडाचं कायले? मान बरी झाली का तेबी येतीन. होळीनंतर बी वावर हायेच, पुढच्या साली बी पऱ्हाटी हायेच. दोघंही या." रामीबाईनं टोपलं पुढं सरकवलं आणि भाऱ्याजवळ बसली. "आता हा सोडा बाई. आत काय हाये पाहू द्या."